अठरा की एकोणीस? रेव्हिटमधल्या जिन्याची दुरुस्ती

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं चिऱ्यांचं जुनं घर, त्यावर नवा मजला आणि मजल्यावर मंगळुरी कौलांचं छप्पर. आत डॉगलेग जिना, म्हणजे मधल्या लँडिंगवर (सपाट जागेवर) उलटा वळणारा जिना, बसवायचा होता. खोली आतून २४०० मिमी रुंद आणि ४४०० मिमी लांब, दोन लेव्हलमधली (मजल्यांच्या पातळ्यांमधली) उंची ३१५० मिमी. कागदावरचा हिशोब सोपा: १७५ मिमीचे १८ रायझर (पायरीची उभी बाजू), ट्रेड (पाऊल ठेवायची आडवी बाजू) २७५ मिमी, ९-९ रायझरच्या दोन फ्लाइट (पायऱ्यांच्या सलग रांगा), ११०० मिमीची रुंदी, मध्ये २०० मिमीची फट. रेव्हिटमध्ये, म्हणजे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, जिना काढून हिरवी टिकमार्क दाबली आणि पिवळा इशारा आला: जिन्याचं वरचं टोक ठरलेल्या उंचीला पोचत नाही. सेक्शन (उभा छेद) काढून पाहिलं तर जिना स्लॅबच्या एक पायरी खालीच संपलेला.

हा इशारा आला की बहुतेक जण जिन्याच्या टोकाचा बाण धरून एक रायझर ओढून घेतात, किंवा फ्लाइटच्या ‘रिलेटिव्ह टॉप हाइट’मध्ये वाढीव आकडा टाकतात. इशारा जातो, पण वरची फ्लाइट २७५ मिमीने लांबते, स्लॅबच्या कडेत घुसते आणि दोन फ्लाइटमधल्या पायऱ्या ९ आणि १० होतात. म्हणून आधी काहीही न ओढता जिना सिलेक्ट करून प्रॉपर्टीज वाचायच्या. तिथे ‘डिझायर्ड नंबर ऑफ रायझर्स’ १९ होते आणि रायझरची प्रत्यक्ष उंची १६५.८ मिमी. आम्ही १८ काढले होते, सॉफ्टवेअरने १९ धरले होते. काढताना खाली करड्या अक्षरांत किती रायझर झाले आणि किती उरले तेही दिसत असतं. तो शेवटचा ‘१ उरला’ कोणी वाचलेला नव्हता.

मग १९ कुठून आले? जिन्याच्या टाइपमध्ये (एका प्रकारच्या सगळ्या जिन्यांच्या सामाईक सेटिंगमध्ये) ‘मॅक्झिमम रायझर हाइट’ १७५ दिलेली होती. एकूण उंचीला १७५ ने भागून जो अपूर्णांक येतो तो सॉफ्टवेअर वरच्या पूर्णांकाकडे नेतं. ३१५० भागिले १७५ बरोबर १८. पण लेव्हल ३१५० वर नव्हतीच, ती ३१५०.३ वर होती. ऑटोकॅडमधून आणलेल्या सेक्शनची रेघ पिक करून लेव्हल काढली होती आणि ती रेघ हाताने काढलेली. ३१५०.३ ला १७५ ने भागलं की १८.००१७, म्हणजे १९. पडद्यावर मात्र ३१५० च दिसत होतं, कारण प्रोजेक्ट युनिट्समध्ये लांबी पूर्ण मिलिमीटरला राउंड केलेली होती.

उपाय दोन भागांत. ‘मॅनेज’ टॅबमधून ‘प्रोजेक्ट युनिट्स’, मग ‘लेंग्थ’, आणि राउंडिंग दोन दशांशांवर. काम संपेपर्यंत ते तसंच ठेवावं, शीटवर डायमेन्शनच्या टाइपमध्ये वेगळं राउंडिंग देता येतं. सगळ्या लेव्हलचे आकडे वाचून हाताने नीट टाइप करावेत. दुसरं, ‘मॅक्झिमम रायझर हाइट’ म्हणजे डिझाइनचा आकडा नव्हे, ती मर्यादा आहे. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ मध्ये निवासी इमारतीसाठी रायझर कमाल १९० मिमी आणि ट्रेड किमान २५० मिमी आहे. टाइपमध्ये तेच १९० आणि २५० ठेवायचे, आणि रायझरची संख्या जिन्याच्या प्रॉपर्टीजमध्ये आपण स्वतः १८ लिहायची. मर्यादा आणि निवड एकाच रकान्यात कोंबली की अर्ध्या मिलिमीटरलाही जिना उलटतो. परवान्यासाठी गोव्याचे २०१० चे इमारत बांधकाम विनियम वेगळे पाहावे लागतात, ते आकडे टाइप बनवतानाच त्यात घालावेत.

इशारा गेला. पण जिना बरोबर झाला नव्हता, आणि या कामातली खरी चूक इशारा न देणारी होती.

गोव्यातल्या साइटवर जिन्याचं ड्रॉइंग हातात घेतलं की मेस्तांचा (गवंड्यांचा) पहिला प्रश्न असतो: हे आकडे लादीवरून की काँक्रीटवरून? मॉडेलमध्ये त्याचं उत्तर नव्हतं. लेव्हल स्लॅबच्या काँक्रीटवर होत्या, जिनाही काँक्रीट ते काँक्रीट ३१५० मिमी, प्रत्येक रायझर १७५. आता यावर फिनिश चढवून पाहा. तळमजल्यावर लादी आणि खालचा मसाला मिळून ७५ मिमी, वरच्या मजल्यावर ५० मिमी, पायऱ्यांवर ग्रॅनाइट आणि मसाला मिळून ४० मिमी. पहिली पायरी ४० ने वर गेली पण तिच्या पायथ्याची जमीन ७५ ने वर आली, म्हणून पहिला रायझर १७५ अधिक ४० वजा ७५, म्हणजे १४० मिमी. मधले सोळा १७५ च, कारण दोन्ही बाजूंना सारखेच ४० चढले. शेवटचा १७५ अधिक ५० वजा ४०, म्हणजे १८५ मिमी. खाली १४० आणि वर १८५, एकाच जिन्यात ४५ मिमीचा फरक. चढताना पाय पहिल्या दोन-तीन पायऱ्यांत उंची शिकतो आणि पुढे न बघता तीच उचलतो. वरच्या शेवटच्या पायरीला १० मिमी जास्त मिळाले की अंगठा अडखळतो, आणि उतरताना तीच पायरी खोल लागते. घरात म्हातारं माणूस असेल तर ही चूक मिलिमीटरची राहत नाही.

बरोबर हिशोब लादी ते लादी करायचा. लादी ते लादी उंची ३१५० अधिक ५० वजा ७५, म्हणजे ३१२५ मिमी. भागिले १८, रायझर १७३.६ मिमी. दोन रायझर आणि एक ट्रेड मिळून ६२२ मिमी. सतराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये फ्रान्स्वा ब्लोंदेलने घालून दिलेला हा नियम आजही ६०० ते ६४० च्या आसपास धरतात, त्यात हा आकडा आरामात बसतो. काँक्रीटचे रायझर मात्र सगळे सारखे येत नाहीत आणि येऊ नयेत: पहिला २०८.६, मधले १७३.६, शेवटचा १६३.६. बेरीज करून पाहा, बरोबर ३१५० येते.

रेव्हिटमध्ये हे बसवायला लेव्हल हलवायची गरज नव्हती. हलवल्या असत्या तर भिंती, दारं, स्लॅब सगळंच सरकलं असतं. जिन्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘बेस ऑफसेट’ ७५ आणि ‘टॉप ऑफसेट’ ५० दिला, उंची आपोआप ३१२५ झाली. फ्लाइटच्या मोनोलिथिक (एकसंध काँक्रीटच्या) टाइपमध्ये ट्रेड चालू करून जाडी ४० दिली, म्हणजे काँक्रीट आणि ग्रॅनाइट वेगळे मोजले जातात. पण आता पहिल्या पायरीचं काँक्रीट लादीच्या पातळीवर थांबलं, खालच्या स्लॅबपासून ७५ मिमी अधांतरी. त्यासाठी फक्त खालची फ्लाइट सिलेक्ट करून ‘एक्स्टेंड बिलो रायझर बेस’मध्ये उणे ७५ टाकलं. उणे चिन्ह विसरू नये. वेस्ट स्लॅबची (पायऱ्यांखालच्या तिरक्या स्लॅबची) जाडी १५० मिमी दिली; ती उताराला काटकोनात मोजली जाते, उभी नाही, म्हणून सेक्शनमध्ये उभं माप घेतलं तर जास्त येतं आणि ते बरोबरच असतं. लँडिंगच्या टाइपमध्ये लँडिंगची जाडी स्वतंत्र भरावी लागते, आणि ‘सेम अ‍ॅज रन’ बंद असेल तर लँडिंगवरचं ४० मिमीचं फिनिशही तिथेच तपासावं. आमच्या फाइलमध्ये लँडिंगला फिनिश दिलेलं नव्हतं, त्यामुळे काँक्रीटच्या क्युबिक मीटरमध्ये लादीही मोजली जात होती.

नवीन फाइल सुरू करत असाल तर लेव्हल लादीवर ठेवणं आणि स्ट्रक्चरल स्लॅब खाली ऑफसेट करणं जास्त स्वच्छ. आर्किटेक्ट आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर वेगवेगळ्या फाइलमध्ये काम करत असतील तर दोन्ही लेव्हल ठेवून नावातच ‘फिनिश’ आणि ‘स्लॅब’ लिहावं. नुसतं ‘पहिला मजला’ हे नाव पुरत नाही.

‘बिगिन विथ रायझर’ आणि ‘एंड विथ रायझर’ या दोन टिकमार्कही एकदा पाहून घ्याव्यात. वरच्या फ्लाइटची दुसरी टिक निघाली तर जिना रायझरऐवजी ट्रेडने संपतो. मग मजल्याच्या पातळीवर एक जादा ट्रेड स्लॅबच्या कडेवर बसतो, सेक्शनमध्ये दोन काँक्रीट एकमेकांत घुसलेली दिसतात, आणि कोणताही इशारा येत नाही. ९ रायझरच्या फ्लाइटमध्ये ८ ट्रेड असले पाहिजेत, नववा ट्रेड म्हणजे लँडिंग किंवा मजला. ८ गुणिले २७५, फ्लाइटची लांबी २२००. प्लॅनमध्ये २४७५ दिसलं की टिक तपासायची.

जुन्या चिऱ्यांच्या भिंतींनी वेगळाच त्रास दिला. खोली लँडिंगच्या टोकाला २४०० आणि दुसऱ्या टोकाला २३७५ मिमी निघाली. शिवाय प्लॅस्टर जागोजागी कमी-जास्त. फ्लाइटची ‘लोकेशन लाइन’ (ज्या रेषेवरून ती काढली जाते) मध्यावर ठेवून भिंतीला स्नॅप केलं तर अर्धी फ्लाइट, म्हणजे ५५० मिमी, भिंतीत जाते. ती ‘लेफ्ट’ किंवा ‘राइट’ करून प्लॅस्टर झालेल्या चेहऱ्यावरूनच काढावी. कोणती बाजू डावी हे चढण्याच्या दिशेने ठरतं, म्हणून वरच्या फ्लाइटचा रोख उलटला तरी भिंत त्याच बाजूला राहते. रुंदी ११०० च ठेवून मधली फट अरुंद टोकाच्या मापाने सगळीकडे १७५ केली. फ्लाइट भिंतीला समांतर करायच्या मोहात पडू नये. दोन्ही फ्लाइट एकमेकींना समांतर हव्यात, भिंतीचा वाकडेपणा प्लॅस्टरमध्ये किंवा स्कर्टिंगमागे लपतो.

स्लॅबला भोक जिना स्वतः पाडत नाही. त्यासाठी शाफ्ट ओपनिंग काढावं लागतं, आणि शाफ्ट वाटेत येणारा प्रत्येक फ्लोअर, सीलिंग आणि छप्पर कापतो. शाफ्ट तळमजल्याच्या लेव्हलपासून काढला तर तळमजल्याची फरशीही जाते, वरची मर्यादा बेफिकीर ठेवली तर कौलांत चौकोनी भोक पडतं. खालून ३०० मिमीचा ऑफसेट आणि वर नेमकी पहिल्या मजल्याची लेव्हल एवढं पुरतं.

डोक्यावरची उंची कोडप्रमाणे २.२ मीटर हवी. ती कोणी आपोआप तपासून देत नाही. जिन्याच्या लांबीने सेक्शन घ्यावा, पायऱ्यांच्या नोजिंगना (पुढच्या कडांना) जोडणारी एक डिटेल लाइन काढावी आणि ती सरळ वर २२०० ने कॉपी करावी. त्या रेषेत काही घुसलं तर जागच्या जागी कळतं. या घरात वरच्या खोलीत कपाटाला जागा हवी होती, म्हणून खालच्या फ्लाइटवर स्लॅब थोडा पुढे घेण्याचा विचार होता. कडेचा बीम ४५० मिमी खोल, त्याची तळबाजू तळमजल्याच्या लादीपासून २६२५ मिमी. दुसऱ्या पायरीवर (३४७ मिमी) २२७८ मिमी उरतात, चालेल. तिसऱ्यावर (५२१ मिमी) २१०४ उरतात, चालणार नाही. वर कॉपी केलेली रेषा या दोन नोजिंगच्या मध्ये बीमच्या तळाला लागते, म्हणून बीम पहिल्या रायझरपासून साधारण ३९८ मिमीच्या पुढे न्यायचा नाही, आणि त्यातही बीमखालचं प्लॅस्टर धरायचं. लँडिंगखाली लादीपासून साधारण १३७० मिमी मिळतात. तिथे इन्व्हर्टर बसेल, पावसाळ्यात आत आणायचं सामान बसेल, दार मात्र बसणार नाही. वरच्या फ्लाइटसाठी हीच रेषा उतरत्या कौलांच्या वाशांपर्यंत तपासावी. गोव्यातल्या घरांत जिना बाहेरच्या भिंतीकडे असतो तेव्हा छप्पर तिथेच सर्वांत खाली आलेलं असतं.

रेलिंगचा इशारा सगळ्यांच्या ओळखीचा: हँडरेल सलग नाही. डॉगलेगमध्ये वळणावर हँडरेल एकदम उडी मारते किंवा तुटते. याचं कारण भूमितीत आहे. खालच्या फ्लाइटचा शेवटचा रायझर आणि वरच्या फ्लाइटचा पहिला रायझर एकाच रेषेत असले तर खालची उतार-रेषा तिथे लँडिंगच्या पातळीला येते आणि वरची उतार-रेषा तिथेच एक रायझर वरून सुरू होते. हा १७३.६ मिमीचा फरक रेलिंगला कुठेतरी भरून काढावाच लागतो. रेलिंगच्या टाइपमध्ये ‘अँगल्ड जॉइन्स’ बदलून उभा तुकडा घालता येतो, ‘लँडिंग हाइट अ‍ॅडजस्टमेंट’ही देता येतं, पण ते मलम आहे. जागा असेल तर वरची फ्लाइट एक ट्रेड अलीकडे, चढण्याच्या दिशेला सरकवावी. मग दोन्ही उतार-रेषा लँडिंगच्या पातळीवर एकाच ठिकाणी मिळतात आणि हात न सोडता वळता येतं. इथे त्यासाठी शाफ्ट ३३०० ऐवजी ३५७५ मिमी लांब करावा लागला, ४४०० च्या खोलीत तो बसला. सरकवताना शाफ्ट आपोआप वाढत नाही, हे लक्षात ठेवावं. सुताराला हँडरेल वाकवताना जो त्रास होतो तो मॉडेलमध्ये आधीच दिसत असतो, त्याकडे फक्त रेलिंगची अडचण म्हणून पाहू नये.

मुख्य दाराबाहेरच्या पायऱ्या, अंगणातून बाल्कांवात (दारासमोरच्या ओसरीत) चढणाऱ्या, जशाच्या तशा ठेवायच्या होत्या. तिथे स्टेअर टूल वापरलं हीच चूक होती. लेझर लेव्हलने मोजलेले सात रायझर खालून वर असे आले: १४०, १६८, १७२, १६५, १७५, १७०, १५८. बेरीज ११४८. टूलला ११४८ आणि ७ दिले की ते प्रत्येकी १६४ देतं, कारण एका जिन्यातले सगळे रायझर ते समानच ठेवतं. पहिली पायरी मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा २४ मिमी वर जाते, पाचव्यावर योगायोगाने बरोबर जुळते, सहाव्यावर ६ मिमी खाली. वरचं आणि खालचं टोक जुळतं म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि बाजूच्या सोप्याची, म्हणजे बांधीव बैठकीची, उंची त्यावरून काढली की सगळं चुकतं. अशा पायऱ्या प्रत्येकी स्वतंत्र फ्लोअर म्हणून, आपापल्या ऑफसेटवर काढाव्यात. सात फ्लोअर काढायला वेळ फार लागत नाही. खालचा रायझर १४० इतका कमी असणं हेही वाचण्यासारखं आहे: अंगणात नंतर फरशी घातली की पहिली पायरी तेवढी बुडते. ती खरी मोजूनच दाखवायला हवी, सरासरीत मिसळून टाकायची गोष्ट नाही.

पहिल्या पायरीला गोल टोक द्यायचं असेल तर फ्लाइट ‘कन्व्हर्ट’ करून स्केचमध्ये न्यावी लागते. ते परत फिरत नाही, म्हणून आधी कॉपी ठेवावी आणि उंची, संख्या, रुंदी पक्की झाल्यावरच ते करावं. स्केचमध्ये हिरव्या रेषा कडांच्या, काळ्या रायझरच्या, निळी चढण्याच्या वाटेची. हिरव्या रेषांचा बंद चौकोन केला की एरर येते. डावी आणि उजवी कड वेगळी राहिली पाहिजे, आणि प्रत्येक काळी रेषा एका कडेपासून दुसऱ्या कडेला टेकली पाहिजे, पलीकडे जाता कामा नये.

आर्किकॅड हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना २०१७ च्या २१ व्या आवृत्तीपासून नियम तपासणारं स्टेअर टूल मिळालं आहे. तिथे इशारे वेगळे दिसतात, पण लादी आणि काँक्रीटचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहतो, कारण कोणती पातळी दिली हे टूलला विचारता येत नाही.

शेवटी साइटला दिलेल्या शीटवर १८ रायझरची नुसती ‘१८ × १७३.६’ अशी नोंद ठेवली नाही. सेक्शनमध्ये प्रत्येक पायरीच्या काँक्रीटची उंची तळमजल्याच्या स्लॅबपासून, एकाच शून्यावरून, लिहिली: पहिली २०८.६, दुसरी ३८२.२, लँडिंग १५९७.५, आणि वर ३१५०. त्यामुळे एका पायरीची चूक पुढच्या पायरीत उतरत नाही. मेस्त सेंटरिंगच्या आधी नळीच्या पाण्याने भिंतीवर खुणा करतात, त्यांना लागतात ते हेच आकडे. बाजूला एका ओळीत ग्रॅनाइट ४०, खाली ७५, वर ५० लिहिलं. लादी बदलून जाडी वेगळी आली तर कोणता आकडा हलवायचा ते त्या ओळीवरून कळतं, आणि काँक्रीट पडायच्या आधी कळतं.